रंग उडाला म्हणजे रेणू मोडला का?

बाहेरच्या भिंतीवरच्या किंवा लोखंडी गेटवरच्या जुन्या ऑइलपेंटवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. (चुन्याच्या भिंतीचं सोडा, ती नवी असतानाही कपड्यांना लागते.) हा उद्योग बराचसा रंगातच मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे टायटॅनियाचा असतो. रंगाला पांढरेपणा हीच पूड देते, आणि उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले की आपल्याभोवतीचा बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट घटक, हीच पूड हळूहळू खात जाते. म्हणून रंग बनवणारे तिच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ लेप देऊन तिला गप्प बसवतात. सांडपाण्यातली रसायनं मोडायची असतील तर नेमकं उलटं हवं. तिची ही खोड वाढवायची, आणि तीसुद्धा अतिनील किरणांत नव्हे, साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात. दोन पदार्थांचे अतिसूक्ष्म कण जोडून केलेल्या संकरित नॅनोपदार्थांचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे.

अडचण कुठे आहे

टायटॅनिया अर्धवाहक आहे. त्यातले इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर बसलेले असतात, वरचा मजला रिकामा असतो आणि मधे जिना नसतो. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आला तरच इलेक्ट्रॉन एका उडीत वर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे 'होल', उरते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनवतो. खालचं होल पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं. हे रॅडिकल समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतं. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 साली टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून या पदार्थाभोवती संशोधकांची गर्दी आहे.

मजल्यांमधलं अंतर म्हणजे बँड गॅप. ॲनाटेज प्रकारच्या टायटॅनियात तो 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. 1240 ला या आकड्याने भागलं की चालणारी जास्तीत जास्त तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: सुमारे 388. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 400 च्या पुढे सुरू होतो. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली चार-पाच टक्के ऊर्जाच अतिनील असते, दृश्य प्रकाशाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे शंभर रुपये हातात आले आणि पाचाचीच नोट चालली, अशी टायटॅनियाची गत.

मग कमी बँड गॅपचा पदार्थ घ्या की! कॅडमियम सल्फाइडचा गॅप 2.4 आहे, तो 517 नॅनोमीटरपर्यंत प्रकाश शोषतो. पण त्याची होल्स पाण्याऐवजी त्याच्याच सल्फाइडला खातात आणि विषारी कॅडमियम पाण्यात उतरतं. लोहाचा ऑक्साइड स्वस्त आणि निरुपद्रवी, पण त्यात होल काही नॅनोमीटर सरकेपर्यंतच संपून जातं. शिवाय गॅप कमी म्हणजे जोर कमी. गच्चीवरची टाकी खाली आणली की पंपाचं काम हलकं होतं, पण नळाची धारही बारीक होते. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन द्यायचा तर वरचा मजला उणे 0.33 व्होल्टपेक्षा वर लागतो. पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल काढायचं तर खालचा मजला अधिक 2 ते 2.3 व्होल्टपेक्षा खोल लागतो. (आकडे हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत, पीएच 7 धरून.) या दोन्ही अटी पाळून वर दृश्य प्रकाशही शोषणारा, टिकाऊ आणि स्वस्त असा एकटा पदार्थ सापडणं कठीण. म्हणून जोडी जमवायची.

जोडीत नेमकं काय होतं

सर्वांत हाताळलेल्या जोड्यांपैकी एक म्हणजे टायटॅनिया आणि ग्राफायटिक कार्बन नायट्राइड. हा दुसरा पदार्थ कार्बन आणि नायट्रोजनचा पत्र्यापत्र्यांचा पॉलिमर आहे, दिसायला फिकट बेसनासारखा. प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे 2009 मध्ये शिनचेन वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याचा गॅप 2.7, म्हणजे 460 नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा-निळा प्रकाश त्याला चालतो. त्याचा इलेक्ट्रॉन चांगला जोरकस, उणे 1.1 व्होल्टच्या आसपास. होल मात्र अधिक 1.6 च्या आसपास, म्हणजे दुबळं. आणि मोठा दोष असा की वर गेलेला इलेक्ट्रॉन बघता बघता परत खाली आपल्या जागेवर येतो. सगळी कमाई उष्णतेत आणि मंद चमकेत जाते.

दोघांचे कण एकमेकांना घट्ट भिडले की निळ्या प्रकाशात कार्बन नायट्राइडचा इलेक्ट्रॉन घसरून शेजारच्या टायटॅनियाच्या वरच्या मजल्यावर जातो, होल मागेच राहतं. दोघांची ताटातूट झाली, की परत भेटण्याआधी दोघांनाही काम करायला सवड मिळते. संकराचा फायदा मुख्यतः इतकाच. त्याची किंमतही मोजावी लागते: घसरताना इलेक्ट्रॉनचा जोर कमी होतो, ऑक्सिजनला जेमतेम पुरेल एवढाच उरतो. होल तर आधीच दुबळं. त्यामुळे हायड्रॉक्सिल रॅडिकल थेट न बनता सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, अशा आडवाटेने थोडं बनतं.

इथे एक चूक शोधनिबंधांतही भेटते. 'झेड-स्कीम' नावाची दुसरी मांडणी आहे. तिच्यात एका पदार्थाचा दुबळा इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याचं दुबळं होल सांध्यावर एकमेकांत मिटतात, आणि दोघांतले कर्ते तेवढे उरतात. कल्पना झकास आहे, पण त्यासाठी दोन्ही पदार्थ प्रकाशाने जागे व्हायला हवेत. 420 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश फिल्टरने अडवला की टायटॅनिया झोपलेलाच असतो, त्यामुळे फक्त दृश्य प्रकाशात या जोडीवर झेड-स्कीमचा दावा टिकत नाही. उघड्या उन्हाची गोष्ट वेगळी, तिथे अतिनीलही असतो. दृश्य प्रकाशातच झेड-स्कीम हवी असेल तर टायटॅनियाच्या जागी टंग्स्टन ऑक्साइड किंवा 2.4 गॅपचा बिस्मथ व्हॅनाडेट बसवावा. या दोघांचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या कामाला पुरत नाहीत, ते मिटलेलेच बरे. होल मात्र दोघांची खमकी असतात.

बनवण्याची रीत

कार्बन नायट्राइड युरियापासून बनतो. दुकानातलं शेतीचं पोतं मात्र चालणार नाही: 2015 पासून आपल्याकडच्या शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं आवरण असतं आणि तो तेलाचा कार्बन मालात मिसळतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचा 10 ग्रॅम युरिया झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे भट्टीत तापवायच्या वाटीत, घ्या. क्रुसिबल अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कारण युरिया 133 अंश सेल्सियसला वितळतो आणि पुढे फेसाळून वर येतो. झाकणाभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली विजेची बंद भट्टी) मिनिटाला 5 अंश या वेगाने 550 पर्यंत नेऊन दोन ते तीन तास ठेवा आणि आपोआप गार होऊ द्या. अमोनिया भरपूर सुटतो, त्यामुळे भट्टी धूर ओढणाऱ्या हुडखालीच हवी.

झाकण सैल राहिलं तर क्रुसिबल जवळजवळ रिकामं निघतं, माल वाफ होऊन उडालेला असतो. पांढरट, हाताला चुरचुरीत माल निघाला तर साखळ्या पुऱ्या जोडल्या गेलेल्या नाहीत, तापमान किंवा वेळ कमी पडला. 600 च्या वर गेलात तर पदार्थच तुटायला लागतो. सगळं नीट झालं तरी 10 ग्रॅम युरियातून हाती येतो जेमतेम अर्धा ग्रॅम, पण कापसासारखा हलका. मेलामाइन वापरलं तर 10 ग्रॅममागे निम्म्याच्या आसपास माल मिळतो, पण तो घट्ट ढेकूळ. युरियाच्या मालाचं पृष्ठफळ ग्रॅमला 50 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त भरतं, मेलामाइनच्या मालाचं 10 च्या आसपास. रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच होणार, तेव्हा प्रयोगासाठी युरियाच बरा. माल खलात बारीक करून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि 80 अंशांवर वाळवा.

आता जोडणी. 0.7 ग्रॅम कार्बन नायट्राइड 100 मिली इथेनॉलमध्ये घेऊन अल्ट्रासॉनिक बाथमध्ये तासभर ठेवा. बाथ तापत जातो, मधे मधे बर्फ टाका. 0.3 ग्रॅम नॅनो-टायटॅनिया वेगळ्या इथेनॉलमध्ये अर्धा तास पसरवा. बाजारात मिळणारा पी-25 नावाचा टायटॅनिया साधारण 80 टक्के ॲनाटेज आणि 20 टक्के रुटाइल (टायटॅनियाचाच दुसरा स्फटिकप्रकार) असतो, कण 20 नॅनोमीटरच्या आसपास. दोन्ही एकत्र करून झाकून रात्रभर ढवळा, ज्योतीपासून लांब हुडमध्ये 60-70 अंशांवर वाळवा, खलून घ्या. मग 400 अंशांवर एक-दोन तास भाजा. हे शेवटचं भाजणं वेळखाऊ वाटलं तरी टाळू नका. त्याशिवाय कण नुसते शेजारी बसतात, सांधा धरत नाही. 70:30 हे प्रमाण देवाने ठरवून दिलेलं नाही. 90:10, 70:30 आणि 50:50 असे तीन घाणे काढून चांगलं चालणारं निवडावं.

तराजूवर घेतलेलं प्रमाण आणि मालातलं प्रमाण यांत फरक पडतो, कारण हलका कार्बन नायट्राइड भांड्याला चिकटतो, ओतताना उडतो. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. कोरडं वजन केलेल्या क्रुसिबलमध्ये 100 मिग्रॅ माल घ्या आणि या वेळी झाकण न लावता हवेत 700 अंशांवर तासभर ठेवा. पिवळा भाग सगळा जळून जातो, तळाशी पांढरी पूड उरते. तिचं वजन 30 मिग्रॅ भरलं तर प्रमाण बरोबर. 38 भरलं तर हिशेबात तसं लिहा. एक्स-रे आलेखात कार्बन नायट्राइडचं शिखर 27.4 अंशांवर आणि ॲनाटेजचं 25.3 वर दिसायला हवं, पण त्यावरून दोघं हजर आहेत एवढंच कळतं. सांधा झाला का, ते कळत नाही. त्यासाठी त्याच प्रमाणात दोन्ही पुडी खलात नुसत्या मिसळून तोच प्रयोग करावा. नुसतं मिश्रणही तितकंच काम करत असेल तर रात्रभराच्या ढवळण्याने काही साधलं नाही.

चाचणी, आणि मेथिलीन ब्लूचा चकवा

बहुतेक जण मेथिलीन ब्लू या रंगद्रव्यावर चाचणी घेतात: स्वस्त, निळाशार, मोजायला सोपा. लिटरला 10 मिग्रॅचं द्रावण 100 मिली घ्या, त्यात 50 मिग्रॅ माल टाका. दुप्पट टाकला म्हणून वेग दुप्पट होत नाही. पाणी दुधाळ होतं आणि पुढचे कण मागच्यांना सावली करतात. दिवा लावण्याआधी अंधारात तासभर ढवळायचं, कारण बराच रंग कणांना नुसता चिकटतो आणि ती घट प्रकाशाच्या नावावर जमा होता कामा नये. अंधाराच्या शेवटी जे मोजाल तो सुरुवातीचा आकडा.

दिव्यासाठी 420 चा फिल्टर लावलेला झेनॉन दिवा उत्तम, पण महाग. साध्या पांढऱ्या एलईडीतला निळा झोत 450 नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि अतिनील जवळजवळ नसतो, म्हणून या पदार्थाला तो सोयीचा पडतो. भांड्याभोवती पाणी खेळवून 25 अंश राखा. दर 15 मिनिटांनी 3-4 मिली नमुना काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. मेम्ब्रेन फिल्टर वापरणार असाल तर आधी शुद्ध रंगाचं द्रावण त्यातून गाळून बघा. काही मेम्ब्रेन स्वतःच निळ्या होतात आणि तुमचा उत्प्रेरक, म्हणजे हा माल, उगाच हुशार ठरतो. शोषण 664 नॅनोमीटरवर मोजायचं. 10 मिग्रॅच्या द्रावणाचं शोषण 2 च्या वर जातं, तिथे साध्या यंत्राचा आकडा भरवशाचा नसतो. चारपट पातळ करून मोजा. मूळ आणि उरलेल्या संहतीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडला की सहसा सरळ रेषा येते. 30 मिनिटांत निम्मा रंग गेला तर वेगांक मिनिटाला 0.023.

आणि इथेच फसगत होते. मेथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो. प्रकाशाने उत्तेजित झालेला त्याचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन टाकतो आणि स्वतः मोडतो. पदार्थाने प्रकाश शोषलेलाच नसतो, तरी 'दृश्य प्रकाशात चालतो' असा निकाल निघतो. दुसरं असं, की इलेक्ट्रॉन मिळाल्यावर हा रंग न मोडताच बिनरंगी होतो. त्या पाण्यात हवा फुंका, थोडं हलवा, निळा परत येतो. तिसरं, रेणूच्या टोकाचे मिथाइल गट आधी गळतात आणि शिखर 664 वरून खालच्या तरंगलांबीकडे सरकतं. तुम्ही 664 लाच डोळा लावून बसलात तर ती घट वाटते, प्रत्यक्षात मधलं कडं शाबूत असतं. ऱ्होडामाइन बी या गुलाबी रंगद्रव्याचं तर शिखर 554 वरून 498 पर्यंत उतरतं, गुलाबी पाणी हिरवट-पिवळं होतं. म्हणून दर नमुन्याचा 200 ते 800 पर्यंतचा पूर्ण आलेख घ्यावा.

यावर उतारा म्हणजे बिनरंगी प्रदूषक. लिटरला 10-20 मिग्रॅ फिनॉल घ्या. त्याला दृश्य प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे तो मोडला तर उत्प्रेरकानेच मोडला. फिनॉल मोडताना हायड्रोक्विनोन, कॅटेकॉल, बेंझोक्विनोन असे मधले पदार्थ बनतात, तेव्हा एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) लावणं बरं. जोडीला एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. 10 मिग्रॅ मेथिलीन ब्लूमध्ये 6 मिग्रॅ कार्बन असतो. पाणी नितळ दिसत असताना त्यातला निम्म्याहून जास्त शिल्लक निघाला तर नवल मानू नका, रंग देणारा तुकडा आधी तुटतो आणि बाकीचा सांगाडा रेंगाळतो. उलट कधी कधी हा आकडा सुरुवातीपेक्षा वाढतो! तेव्हा संशय कार्बन नायट्राइडवर घ्यावा. हायड्रॉक्सिल रॅडिकल त्यालाही कुरतडतात आणि पाण्यात नायट्रेट सोडतात. नुसत्या पाण्यात माल टाकून प्रकाशात ठेवलेला कोरा प्रयोग हवाच, शिवाय मालाशिवाय प्रकाश, प्रकाशाशिवाय माल आणि नुसता टायटॅनिया.

प्रोसेस हाउसचं पाणी

इचलकरंजीसारख्या गावातल्या प्रोसेस हाउसांत, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत, सुती कापड रंगवतात ते मुख्यतः रिॲक्टिव्ह डायने, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जुळवणाऱ्या रंगांनी. हे रंग ऋणभारित, मेथिलीन ब्लू धनभारित. डायबाथमध्ये (कापड रंगवायच्या द्रावणात) लिटरमागे काही दहा ग्रॅम मीठ आणि वर सोडा ॲश असतो, म्हणून सांडपाणी खारट आणि अल्कधर्मी निघतं. टायटॅनियाचा पृष्ठभाग पीएच 6-6.5 च्या वर ऋण होतो, म्हणजे त्या पाण्यात डाय आणि उत्प्रेरक एकमेकांना ढकलतात. क्लोराइड आणि बायकार्बोनेट रॅडिकल गिळतात. शुद्ध पाण्यातल्या मेथिलीन ब्लूवर काढलेला वेगांक या पाण्याला लावायची सोय नाही.

त्यात रंग स्वतःच प्रकाश अडवतो. सेंटीमीटरला शोषण 2 असेल तर पहिल्या सेंटीमीटरनंतर प्रकाश 1 टक्का उरतो. मीटरभर खोल टाकीत वरचा पापुद्रा तेवढा काम करेल. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौरकेंद्रात म्हणूनच टाकी नसते, काचेच्या बारीक नळ्या आणि त्यांच्यामागे वक्र आरसे असतात. गडद पाण्यावर हे तंत्र लावू नये. आधी गोठण (रसायन घालून गाळ खाली बसवणं) आणि जैविक प्रक्रिया उरकून शेवटच्या हलक्या रंगासाठी, किंवा कार्बामॅझेपिनसारख्या जिवाणूंना न जुमानणाऱ्या औषधांच्या अंशांसाठी ते राखून ठेवावं.

पूड परत कशी मिळवायची हा प्रश्न राहतोच. लोहचुंबकी गाभा घातला की चुंबकाने ओढता येते, पण लोह ऑक्साइड आणि टायटॅनिया थेट भिडले तर प्रकाशात लोह विरघळतं, मधे सिलिकाचा थर द्यावा लागतो. काचमण्यांवर लेप दिला तर गाळायची कटकट संपते, पृष्ठफळ मात्र घटतं. आणि पाच फेऱ्यांनंतर काम मंदावलं तर उत्प्रेरकाला दोष देण्याआधी उरलेल्या पुडीचं वजन करा. 50 मिग्रॅपैकी 10 सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांतच राहिलेले असतात. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा: श्वासातून जाणारी टायटॅनियाची धूळ संभाव्य कर्करोगकारक गटात मोडते.

दिवसाला एक लाख लिटर पाणी काढणारं प्रोसेस हाउस धरा. ते एकदम टाकीत घेऊन लिटरला अर्धा ग्रॅम माल टाकायचा तर 50 किलो लागतो. त्यात 35 किलो कार्बन नायट्राइड, म्हणजे युरियाच्या रीतीने सात-आठशे किलो युरिया आणि त्यातून सुटणारा अमोनिया. गाळणीतून रोज 1 टक्का निसटला तरी अर्धा किलो नॅनोपूड नाल्याला. इतक्या मोठ्या प्रमाणावर युरियाच्या हलक्या मालाचा मोह सोडून मेलामाइनचा ढेकूळ माल, काचेवरचा लेप आणि मंद वेग पत्करणं जास्त परवडेल.